स्रोतसंहितेपासून डेस्कटॉपपर्यंत : मुक्त सॉफ्टवेअरची बांधणी आणि पॅकेज मॅनेजरचा इतिहास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, कंपन्या आणि त्यांचे संस्थापक यांना भरपूर जागा मिळाली आहे. सॉफ्टवेअर ज्या प्रक्रियेतून वापरण्याजोगे होते, ती प्रक्रिया मात्र बहुधा तंत्रज्ञांच्या हस्तपुस्तिकांतच राहिली. प्रोग्रॅमर जे लिहितो ती स्रोतसंहिता असते व ती माणसाला वाचता येते. संगणक जे चालवतो ती यंत्रसंहिता असते व ती वाचून तिचा अर्थ लावणे माणसाला जवळजवळ अशक्य असते. पहिलीपासून दुसरी तयार करण्याच्या क्रियेला प्रस्तुत लेखात 'बांधणी' असे म्हटले आहे. हे काम करणारा मुख्य प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर.

मालकी हक्काचे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याच्या हाती सर्वसाधारणपणे केवळ यंत्रसंहिता पडते. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना स्रोतसंहिता मिळण्याचा, ती अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि पुन्हा वाटण्याचा हक्क देतो. परंतु हक्क असणे आणि तो बजावता येणे यांत किती अंतर असते, हे कुळकायद्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. स्रोतसंहिता मिळाली तरी तिची बांधणी जमत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. हे अंतर कमी करण्याचे काम पॅकेज मॅनेजर या साधनाने केले. ते करताना त्याने एक नवा प्रश्नही निर्माण केला. बांधणीची कृती ज्याने लिहिली, त्याच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा, हा तो प्रश्न होय. १९७६ ते २०२४ या काळात हे कसे घडले, याचा मागोवा येथे घेतला आहे.

'मेक' आणि तीन आज्ञा

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हा प्रोग्रॅम लिहिला. त्यामागचे निमित्त किरकोळ होते. स्टीव्ह जॉन्सन या त्यांच्या सहकाऱ्याने एका प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली होती. चूक प्रत्यक्षात आधीच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे एका कागदवजा फाइलीत लिहून ठेवावे आणि जे बदलले तेवढेच यंत्राने पुन्हा बांधावे, ही 'मेक'ची कल्पना. या फाइलीत आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच झाली पाहिजे असा एक जाचक नियम आहे. तो बदलावा असे फेल्डमन यांना लवकरच वाटू लागले होते. पण तोवर डझनभर लोक 'मेक' वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच ठेवला गेला. त्या डझनभरांच्या सोयीसाठी पुढे जगभरातील प्रोग्रॅमरांनी तो सोसला.

सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८७ मध्ये त्या प्रकल्पाचा सी भाषेचा कंपायलर प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये आलेल्या 'ग्नू जनरल पब्लिक लायसन्स'च्या दुसऱ्या आवृत्तीतील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संपूर्ण स्रोतसंहिता म्हणजे काय याची व्याख्या करताना हा परवाना प्रोग्रॅमच्या मजकुरावर थांबत नाही. बांधणी आणि स्थापना नियंत्रित करणाऱ्या लिपीही तो स्रोतसंहितेचाच भाग मानतो. कृतीशिवाय दिलेली सामग्री अपुरी असते, ही जाण परवाना लिहिणाऱ्यांना होती, असे यावरून म्हणता येते.

त्याच वर्षी डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ'चे काम सुरू केले. त्या काळी युनिक्सचे अनेक परस्परभिन्न प्रकार प्रचारात होते व एका प्रकारावर बांधला जाणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर बांधता येईलच याची खात्री नसे. ऑटोकॉन्फने तयार केलेली 'कॉन्फिगर' नावाची लिपी प्रथम यंत्राची तपासणी करी आणि त्यानुसार 'मेक'साठी सूचना तयार करी. 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' या तीन आज्ञा नव्वदच्या दशकात मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येकाला पाठ झाल्या. या लिपी हजारो ओळींच्या असत आणि त्या कोणीही वाचत नसे. ही बाब पुढे फार महाग पडली.

तीन आज्ञांची ही पद्धत एकेका प्रोग्रॅमसाठी पुरेशी होती. परंतु प्रोग्रॅम दुसऱ्या लायब्ररींवर, त्या लायब्ररी आणखी दुसऱ्यांवर अवलंबून असत. 'कॉन्फिगर' एवढेच सांगे की अमुक लायब्ररी सापडत नाही. ती शोधावी, आणावी, बांधावी, तिच्यासाठी तिसरी शोधावी, आणि शेवटी मूळ कामाकडे वळावे, असा हा प्रकार होता. काय कोठे स्थापन झाले याची नोंद कोठेच नसल्याने एखादा प्रोग्रॅम काढून टाकणे हेही संकटच असे.

पोर्ट्स : कृतींचे भांडार

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात या अडचणीला दोन वेगवेगळी उत्तरे पुढे आली. लिनक्सच्या जगात इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनने आणि १९९५ च्या सुमारास रेड हॅट कंपनीने बांधून तयार असलेली पॅकेजे वाटण्याचा मार्ग धरला. फ्रीबीएसडी या युनिक्सवंशीय प्रणालीत जॉर्डन हबर्ड यांनी १९९४ मध्ये 'पोर्ट्स' ही व्यवस्था आणली. तिचा विचार वेगळा होता. पोर्ट्समध्ये सॉफ्टवेअर नसतेच. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी निर्देशिका असते आणि तिच्यात बांधणीची कृती असते : स्रोतसंहिता कोठून उतरवायची, तिची बेरीज-तपासणी कोणत्या आकड्याशी जुळली पाहिजे, कोणती ठिगळे लावायची, आधी काय बांधलेले असले पाहिजे. वापरणाऱ्याने त्या निर्देशिकेत जाऊन एक आज्ञा द्यायची. उरलेली साखळी यंत्र पूर्ण करते. हे सारे 'मेक'च्याच भाषेत लिहिलेले होते, म्हणजे नवे यंत्र न आणता जुन्याच यंत्राला मोठ्या कामाला जुंपले होते. नेटबीएसडीने १९९७ मध्ये हीच कल्पना 'पीकेजीएसआरसी' या नावाने घेतली व पुढे अनेक प्रणालींवर चालेल अशी विस्तारली. आज फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये तीस हजारांहून अधिक कृती आहेत.

या दोन मार्गांकडे परस्परविरोधी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती फारशी बरोबर नाही. डेबियनचे तयार पॅकेजही कोणीतरी स्रोतसंहितेपासून, लिहून ठेवलेल्या कृतीनुसारच बांधलेले असते, आणि ती कृती मागणाऱ्याला उपलब्ध असते. १९९९ च्या डेबियन २.१ आवृत्तीबरोबर प्रसृत झालेल्या 'ॲप्ट' या साधनाने अवलंबित्वाची साखळी आपोआप सोडवण्याची सोय केली. फरक इतकाच की एका मार्गात बांधणी वापरणाऱ्याच्या घरी होते व दुसऱ्यात ती वितरकाच्या आवारात होते.

डेस्कटॉपची कसोटी

पॅकेज मॅनेजरची खरी परीक्षा डेस्कटॉपने घेतली. खिडक्या, मेनू, फाइलींचे व्यवस्थापन, छपाई, चित्रे, अक्षरे या प्रत्येक गोष्टीसाठी स्वतंत्र लायब्ररी लागते. म्हणून एखाद्या सर्व्हरच्या मानाने डेस्कटॉपची अवलंबित्वाची साखळी कितीतरी लांब असते.

मत्थियास एट्रिख या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये 'केडीई' प्रकल्पाचे आवाहन केले. त्यासाठी ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीची 'क्यूटी' ही लायब्ररी निवडण्यात आली. क्यूटी तांत्रिकदृष्ट्या उत्तम होती व तिची स्रोतसंहिताही पाहता येत होती, परंतु तिच्यात बदल करून ती वाटण्याची मुभा परवान्यात नव्हती. याच्या प्रतिक्रियेतून मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये 'ग्नोम' प्रकल्प सुरू केला. ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या भांडारातून काढून टाकत असल्याचे जाहीर केले. ग्नू परवान्याखालील केडीई आणि त्या परवान्याशी न जुळणारी क्यूटी एकत्र बांधून वाटता येत नाहीत, असा डेबियनचा अर्थ होता.

या वादाचे वर्णन अनेकदा पंथीय भांडण म्हणून केले जाते. कायद्याच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक सूक्ष्म मुद्दा दिसेल. ग्नू परवान्याच्या अटी वाटपाला लागू होतात. स्वतःच्या यंत्रावर सॉफ्टवेअर बांधून वापरण्यावर त्या कोणतेही बंधन घालत नाहीत. डेबियनच्या अर्थानुसार जी यंत्रसंहिता वितरकाने वाटणे गैर होते, तीच वापरणाऱ्याने घरी बांधली तर त्याला कोणाचीही आडकाठी नव्हती. बांधणी कोणी केली यावर तिची वैधता अवलंबून राहिली. सप्टेंबर २००० मध्ये ट्रोलटेकने क्यूटी ग्नू परवान्याखालीही उपलब्ध केली आणि हा प्रश्न मिटला.

ग्नोमची अडचण निराळी होती. त्याचे डझनावारी भाग वेगवेगळ्या गतीने विकसित होत आणि ते योग्य क्रमाने बांधणे हे खुद्द विकासकांनाही जिकिरीचे झाले. जेम्स हेनस्ट्रिज यांनी त्यासाठी लिहिलेले 'जेएचबिल्ड' हे साधन आपल्या नावातच कर्त्याची आद्याक्षरे मिरवते. जेफ वॉ यांचे 'गारनोम' पोर्ट्सच्या धर्तीवर चाले. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिले त्यांनाच ते बांधण्यासाठी वेगळे साधन लागावे, यावरून सामान्य वापरणाऱ्याची स्थिती काय असेल याची कल्पना यावी.

जेंटू : बांधणीचा लोकाचार

डॅनियल रॉबिन्स यांच्या 'जेंटू' लिनक्सची १.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये आली. पेंग्विनांतील सर्वांत जलद पोहणाऱ्या जातीवरून तिचे नाव ठेवले आहे. रॉबिन्स यांनी फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सपासून स्फूर्ती घेऊन 'पोर्टेज' हा पॅकेज मॅनेजर रचला व बांधणीचा अधिकार पूर्णपणे वापरणाऱ्याकडे सोपवला. 'यूज फ्लॅग' ही त्याची विशेष देणगी होय. छपाईची सोय हवी की नको, केडीईशी जुळणी हवी की ग्नोमशी, हे वापरणाऱ्याने एकदा लिहून ठेवायचे. पुढे प्रत्येक सॉफ्टवेअर त्या निवडीनुसार बांधले जाई. नको असलेला भाग यंत्रसंहितेत उतरतच नसे.

याची किंमत वेळाच्या रूपाने मोजावी लागे. त्या काळच्या घरगुती संगणकावर संपूर्ण डेस्कटॉप बांधायला रात्र पुरत नसे, कधी दिवसही लागे. ओपनऑफिसची बांधणी इतकी लांबे की जेंटूनेच त्याचे तयार पॅकेज पर्यायादाखल ठेवले होते. आपल्या प्रोसेसरसाठी खास बांधल्याने सॉफ्टवेअर वेगवान होते, हा जेंटूच्या पुरस्कर्त्यांचा आवडता दावा होता. सर्वसाधारण डेस्कटॉप वापरात हा फरक बहुधा जाणवण्याइतका नसे, आणि बांधणीत गेलेले तास त्यातून वसूल होणे कठीणच होते. जेंटूचे मोल अन्यत्र आहे. आपल्या संगणकावर जे चालते ते कशापासून, कोणत्या निवडींतून तयार झाले, हे वापरणाऱ्याला तेथे डोळ्यांनी पाहता येई. पुष्कळ तरुणांनी प्रणालींचा अभ्यास येथे केला. २९ डिसेंबर २०२३ रोजी जेंटूने बहुसंख्य सॉफ्टवेअरसाठी तयार पॅकेजेही देण्यास आरंभ केला, तेव्हा त्यात कोणाला पराभव दिसला. पण स्वतः बांधण्याचा मार्ग त्याने बंद केलेला नाही.

ॲपलच्या संगणकांवरही हीच परंपरा पोहोचली. २००२ मध्ये 'डार्विनपोर्ट्स' सुरू करणाऱ्यांत ॲपलमध्ये गेलेले जॉर्डन हबर्ड होते. २००६ मध्ये त्याचे 'मॅकपोर्ट्स' असे नामांतर झाले. मॅक्स हॉवेल यांच्या 'होमब्र्यू'ने २००९ पासून रुबी भाषेतील सुटसुटीत कृतींमुळे मोठी लोकप्रियता मिळवली.

देवनागरीचा धागा

या इतिहासाचा मराठीशी संबंध दुरान्वयाचा नाही. मेनूंतील भाषांतरे 'गेटटेक्स्ट' पद्धतीत साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिली जातात व त्या स्रोतसंहितेबरोबरच असतात. बांधणीच्या वेळी त्यांचेही यंत्रोपयोगी रूप तयार होते. जेंटूत वापरणाऱ्याने भाषांच्या यादीत मराठीचा दोन अक्षरी संकेत लिहिला की जेथे मराठी भाषांतर उपलब्ध असे तेथे ते बांधणीत समाविष्ट होई. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेले 'लोहित' फाँटही असेच स्रोतरूपाने उपलब्ध झाले.

अक्षरजुळणीचा प्रश्न याहून खोल आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांतील भेद मराठी वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळतो. दुसऱ्या शब्दातील चंद्रकोरीसारखा अर्धा र काढण्याचे काम फाँट आणि अक्षरजुळणीची लायब्ररी मिळून करतात. मार्च २००२ मध्ये आलेल्या 'जीटीके' २.० मध्ये हे काम 'पँगो' या लायब्ररीकडे दिले गेले. आज ग्नोम, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि क्रोम यांत ते 'हार्फबझ' करते. अशा एका लायब्ररीतील दुरुस्ती तिच्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये उतरते, आणि कोणते प्रोग्रॅम तिच्यावर विसंबतात हे पॅकेज मॅनेजरच्या नोंदींत असते. आचारी आणि आचार्य यांची अदलाबदल टाळण्यासाठी शेकडो प्रोग्रॅम वेगवेगळे दुरुस्त करावे लागत नाहीत.

विश्वासाचा प्रश्न

केन टॉम्सन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले व ऑगस्ट १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले व्याख्यान या विषयातील मूलगामी लेखन मानले जाते. लॉगिन प्रोग्रॅम बांधला जात असताना त्यात चोरदरवाजा घालणारा, आणि कंपायलर बांधला जात असताना स्वतःची ही खोड पुढच्या कंपायलरमध्ये उतरवणारा कंपायलर तयार करता येतो, हे त्यांनी दाखवले. दोन्ही प्रोग्रॅमांची स्रोतसंहिता स्वच्छ असते. ती कितीही बारकाईने वाचली तरी काही सापडत नाही. स्रोतसंहिता उघड असणे पुरेसे नाही, हा धोका मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने बराच काळ सैद्धांतिक मानला.

उत्तरे दोन दिशांनी आली. उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ पासून विकसित केलेल्या व २००६ च्या प्रबंधात मांडलेल्या 'निक्स'मध्ये प्रत्येक पॅकेजचा पत्ता त्याच्या सर्व घटकांवरून, म्हणजे स्रोतसंहिता, कंपायलर, लायब्ररी व कृती यांवरून, गणिताने ठरतो. घटकांत तिळमात्र फरक पडला तर पत्ता बदलतो. पत्ता तोच असेल तर तयार पॅकेज उतरवावे, नसेल तर घरी बांधावे. स्वतः बांधणे आणि तयार घेणे यांतील भिंत त्यामुळे बरीच पातळ झाली. दुसरी दिशा म्हणजे डेबियनमध्ये २०१३ पासून चाललेले पुनरुत्पादनक्षम बांधणीचे काम. एकाच स्रोतसंहितेपासून दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेली यंत्रसंहिता अक्षरशः एकसारखी आली पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. व्यवहारात आडव्या येणाऱ्या गोष्टी क्षुल्लक असतात : बांधणीची तारीख, फाइलींचा क्रम, निर्देशिकेचे नाव. 'गिक्स' या प्रकल्पाने २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटांच्या बीज-प्रोग्रॅमपासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने कंपायलरपर्यंत पोहोचणारी साखळी पूर्ण केली. टॉम्सन यांच्या आक्षेपाला दिलेले हे बहुधा सर्वांत चिकाटीचे उत्तर होय.

मार्च २०२४ मध्ये घडलेल्या प्रकाराने मात्र या दोन्ही दिशांची मर्यादा दाखवली. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून त्याच्या एकट्या पडलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. त्याचे मूळ द्रव्य चाचणीच्या फाइलींत दडवले होते. ते बाहेर काढणारी ओळ मात्र सार्वजनिक स्रोतभांडारात नव्हतीच. ती केवळ प्रकाशनासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात, 'कॉन्फिगर'शी संबंधित एका साहाय्यक फाइलीत होती. कोणी न वाचणाऱ्या त्या लिपींचा येथे अचूक उपयोग करून घेतला गेला. शिवाय आपण डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीच्या पॅकेजसाठी बांधले जात आहोत काय, हे ती लिपी तपासून पाही व तसे असेल तरच जागी होई. पॅकेजची कृती हेच हल्ल्याचे लक्ष्य होते. पुनरुत्पादनक्षम बांधणी येथे उपयोगी पडली नसती, कारण दूषित गठ्ठ्यापासून दोघांनी बांधले असते तर दोघांनाही तोच चोरदरवाजा तंतोतंत मिळाला असता.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले आणि त्याचा माग काढत तो स्रोतापर्यंत पोहोचला. २९ मार्च २०२४ रोजी त्याने आपले निष्कर्ष जाहीर केले. स्रोतसंहिता आणि बांधणीच्या लिपी दोन्ही उघड नसत्या, तर अर्ध्या सेकंदाचा तो संशय संशयच राहिला असता. त्यानंतर आर्च लिनक्सने हे पॅकेज प्रकाशित गठ्ठ्याऐवजी थेट स्रोतभांडारातून बांधण्यास सुरुवात केली. डेबियनने आपल्या १२.६ या नियोजित आवृत्तीचे प्रकाशन पुढे ढकलले आणि विकासाधीन शाखेत जुनी ५.४.५ आवृत्ती परत आणली. पण पॅकेज मॅनेजर स्वभावतः पुढच्याच आकड्याकडे जातो, ५.६.१ असलेल्या यंत्राला ५.४.५ ही सुधारणा वाटत नाही. म्हणून त्या पॅकेजला '५.६.१ प्लस रिअली ५.४.५' असा क्रमांक देण्यात आला, आणि जगभरातील यंत्रांनी ती जुनी संहिता नवी समजून रीतसर उतरवून घेतली.